पेटीचं भाडं

रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला माझ्या मोबाइलवर सहावीच्या वर्गाचा लेसन येतो. लेसन म्हणजे गृहपाठ. एकतीस वर्षांपूर्वी मी सांगलीहून लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा या शब्दाने माझा फार घोटाळा व्हायचा. शेजारच्या बेन मुलाला ‘लेसन कर, लेसन कर’ म्हणायच्या आणि मला वाटायचं, धडा वाचतात, धडा ‘करतात’ कसा? आता मीही लेसनच म्हणते. पण माझी दोन्ही मुलं केव्हाच शाळा-कॉलेज संपवून पोटापाण्याला लागली, आणि नातवंडं अजून झालेली नाहीत. हा लेसन आहे आमच्याकडे भांडी आणि केर-फरशी करायला येणाऱ्या बाईंच्या मुलीचा.

हे कसं झालं ते सांगते. बाई मूळच्या नंदुरबारकडच्या. नवरा छोटा हाथी चालवतो, म्हणजे मालाचा लहान टेम्पो. शिक्षणहक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांतून मुलीला एका खाजगी इंग्रजी शाळेत पहिलीला प्रवेश मिळाला, त्या दिवशी बाईंनी आमच्या अख्ख्या इमारतीत पेढे वाटले होते. पाचवीपर्यंत सगळं ठीक चाललं. वर्गात फळ्यावरून लेसन वहीत उतरवून आणायचा, आई काम करेपर्यंत आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसून तो पुरा करायचा, अडलं तर ‘काकू, हे काय?’ म्हणून विचारायचं. मुलगी हुशार आहे. अक्षर तर माझ्या मुलांच्या कोणाच्याही नव्हतं इतकं सुरेख.

सहावीला शाळेने ॲप आणलं. फळ्यावर लेसन लिहून देणं बंद. घरात स्मार्टफोन एकच, तो नवऱ्याकडे, आणि नवरा घरी येतो रात्री नऊ-दहाला. बाईंकडे बटणांचा फोन. त्या म्हणाल्या, “वहिनी, शाळेत तुमचा नंबर देऊ का?” मी म्हटलं, द्या की, त्यात काय एवढं!

त्यात काय एवढं, हे मला पुढे कळलं. ॲप उघडल्यावर पहिला प्रश्न: तुम्ही पालक आहात का? हो किंवा नाही. नाही म्हटलं तर पुढे जाता येत नाही, म्हणून हो म्हटलं. मग इंग्रजीत एक लांबलचक मजकूर आला आणि खाली ‘मी सहमत आहे’. कशाला सहमत? मी कलाशाखेची पदवीधर आहे, इंग्रजी वाचता येतं, तरी दोन पानांनंतर माझे डोळे फिरले. दाबलं. म्हणजे दुसऱ्याच्या मुलीचं नाव, जन्मतारीख, फोटो कोणाकडे तरी द्यायला मी, जिचा तिच्यावर काडीचा कायदेशीर हक्क नाही, परवानगी देऊन बसले. देशात 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला आई-वडिलांची खातरजमा करता येईल अशी संमती हवी, असं स्पष्ट लिहिलंय. माझी संमती कोणी खातरजमा केली? मोबाइलने विचारलं, बोटाने उत्तर दिलं.

आणि ही नुसती शंकेखोर बाईची कुरकुर आहे असं समजू नका. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने करोनाच्या काळात वापरात आलेली 160 हून अधिक शिक्षणाची ॲप्स आणि संकेतस्थळं तपासून 2022 मध्ये अहवाल काढला. त्यातली बहुतेक साधनं मुलांवर पाळत ठेवत होती किंवा ठेवू शकत होती, असं त्यात निघालं. आपलं सरकारी ‘दीक्षा’ही त्या यादीत होतं. दीक्षा हा शब्द आमच्या घरात फार जपून उच्चारतात. दीक्षा घेणारा सगळं सोडून जातो; इथे मात्र घेणारा मुलांचं सगळं घेऊन जातो.

असो. मूळ गोष्टीकडे येते.

आम्ही सूर्यास्ताच्या आधी जेवतो. त्यामुळे सहाला लेसन येतो तेव्हा माझ्या हातात पोळीची कणीक असते. तरी हात पुसून मी मोबाइल मुलीला देते, ती वहीत उतरवून घेते, वहीत सोडवते, मी त्या पानाचा फोटो काढते, ॲपमध्ये चढवते, मग खाली ‘सबमिट’ येतं. कधी येत नाही. नेट गेलेलं असतं, फोटो ‘मोठा’ झालेला असतो. मग पुन्हा. जे काम बाई वर्गात वही हातात घेऊन लाल पेनाने अर्ध्या मिनिटात करत, त्याला आता दोन घरं, एक फोन आणि पाऊण तास लागतो. याला म्हणे वेळ वाचवणारं साधन! वाचतो, कबूल. कोणाचा वाचतो ते विचारू नका.

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व असतं. दहा दिवस. यंदा मी ठरवलं होतं, या दहा दिवसांत संध्याकाळी मोबाइल बंद करून कपाटात ठेवायचा आणि मंदिरात जायचं. प्रवचन, आरती, सामायिक. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं. तेवढा वेळ तरी त्या यंत्राने आपल्याला हाक मारू नये, एवढीच माफक इच्छा. बाईंना सांगितलं होतं की, लेसन मी रात्री आल्यावर दाखवीन. त्या म्हणाल्या, चालेल.

सहाव्या दिवशी गणिताची टेस्ट आली. संध्याकाळी सहा ते आठ, ॲपवर. आदल्या रात्री सूचना आली होती म्हणे. ती त्याच ॲपमध्ये आली होती, आणि मी दमून न बघता झोपले होते. शाळेत मैत्रिणींकडून मुलीला कळलं. ती सव्वासहाला आमच्या दारात आली. दाराला कुलूप. आम्ही दोघंही मंदिरात. ती पायरीवर बसली. शेजारच्यांनी पाणी दिलं, म्हणाले, घरी जा, काकू उशिरा येतील. नाही गेली. आम्ही साडेआठला आलो तर जिन्यातल्या दिव्याखाली गणिताचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली. मी कुलूप काढायच्या आधी म्हणाली, “काकू, टेस्ट.” कपाटातून फोन काढला, चालू केला, त्याला जागं व्हायला लागणारी दोन मिनिटं आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या. टेस्ट बंद झालेली. गुण शून्य. लाल रंगात.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत फोन केला. ज्या बाई बोलल्या त्या अगदी सौजन्याने बोलल्या. मी म्हटलं, चूक माझी आहे, मुलीची नाही, तिला कागदावर परीक्षा द्या. त्या म्हणाल्या, “मॅडम, मी समजू शकते, पण सिस्टिम घेत नाही.” मी म्हटलं, सिस्टिम कोण? त्या हसल्या. मलाही हसू आलं, कारण त्या बिचारीलाही ते माहीत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, “पेरेंट्सनी थोडं लक्ष द्यायला हवं ना.”

या ‘पेरेंट्स’ शब्दाबद्दल मला बोलायचं आहे. ॲपच्या भाषेत पालक म्हणजे आई, हे सगळ्यांना ठाऊक असून कोणी बोलत नाही. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बँकेत नोकरी करणारी मुलगी आहे. ती लिफ्टमध्ये उभ्या उभ्या मुलाच्या ‘ॲक्टिव्हिटी’चे फोटो चढवत असते. नवऱ्याचाही नंबर शाळेत दिलेला आहे, पण त्याला सूचना ‘दिसत नाहीत’. वर्गात काय शिकवलं, उद्या काय आणायचं, कागदाचा मोर करायचा की पाण्याच्या बाटलीचा, फी कधी भरायची, हे सगळं पूर्वी शाळा आणि मूल यांच्यातलं होतं. मूल विसरलं तर शिक्षा खात असे आणि पुढच्या वेळी लक्षात ठेवत असे. आता ते शाळा आणि आई यांच्यातलं झालं. आई ही शाळेची बिनपगारी कारकून. आणि जिची आई इंग्रजी वाचू शकत नाही, जी दुसऱ्यांच्या घरची भांडी घासत असते, तिच्या शाळेला कारकूनच नाही. तिथे मला नेमलं. मी रजेवर गेले आणि मुलीला शून्य मिळालं.

या ॲपच्या बाजूने बोलणारे लोक एक वाक्य नेहमी ऐकवतात: आता मोबाइल सगळ्यांकडे आहेच. घरी मोबाइल असणं आणि मुलाच्या हातात मोबाइल असणं या दोन गोष्टी आहेत, हे घर चालवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. ‘असर’ नावाची पाहणी गावोगावच्या घरांत जाऊन केली जाते. तिच्या 2024 च्या अहवालात चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांबद्दल लिहिलंय. घरात स्मार्टफोन जवळजवळ सगळ्यांच्या. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यातही स्वतःचा फोन असलेले मुलगे 36.2 टक्के आणि मुली 26.9 टक्के. म्हणजे घरातला फोन आधी बापाचा, मग भावाचा, मग उरला तर तिचा. आणि आठवड्याभरात फोनवर अभ्यासाचं काही केलं असं सांगणारे 57 टक्के, तर समाजमाध्यमं बघितली असं सांगणारे 76. हे गावांचे आकडे आहेत, बडोदं शहर आहे, मान्य. पण आमच्या बाईंची खोली शहरातच आहे.

शिकवणं एकदा का बटणावर आणलं की बटण बंदही करता येतं, हे तर गुजरातने डोळ्यांनी पाहिलं. करोनात मार्च 2020 पासून शाळा बंद. जुलैमध्ये सरकारने सांगितलं, शाळा उघडेपर्यंत फी घेऊ नका. त्यावर राज्यातल्या खाजगी शाळांनी 23 जुलैपासून ऑनलाइन वर्गच थांबवले. पुढे हायकोर्टाने तो फीचा हुकूम रद्द केला आणि वर्ग पुन्हा सुरू झाले. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, यात मी पडत नाही. शिक्षकांचे पगार द्यायचेच होते. पण वर्ग भरलेला असताना शिक्षक मुलांच्या तोंडावर दार लावून घेत नाही, त्याला लाज वाटते. पडद्याला कसली लाज?

आता माझी नणंद हे वाचून माझ्यावर रागावेल, कारण ती नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि ॲप, स्मार्टबोर्ड यांची मोठी भक्त. परवा जेवताना आमचं जुंपलंच. ती म्हणाली, “वहिनी, तू एकदा माझ्या वर्गात ये. हृदय कसं चालतं ते मी वीस वर्षं खडूने काढत होते. पोरं कंटाळून खिडकीतून बाहेर बघायची. आता बोर्डावर झडपा उघडताना, मिटताना दिसतात. आख्खा वर्ग गप्प. शेवटच्या बाकावरचा पोरगा म्हणतो, बेन, फरीथी!” फरीथी म्हणजे पुन्हा एकदा. मी म्हटलं, याला माझा कुठे विरोध आहे? त्या शेवटच्या बाकावरच्या पोराकडे मोबाइल नाही, आणि त्याला त्याची गरजही पडली नाही. बोर्ड शाळेचा, वीज शाळेची, पुन्हा दाखवणारी तू. ती म्हणाली, मग भांडतेस कशाला? मी विचारलं, बरं, हजेरी आणि गुण ऑनलाइन भरण्यात तुझा किती वेळ जातो? ती हसली आणि म्हणाली, “वाढ आता, भूक लागलीय.”

तिने उत्तर दिलं नाही, पण ते बडोद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. गांधीनगरला विद्या समीक्षा केंद्र आहे. एका मोठ्या दालनात भिंतभर पडदे, आणि राज्यातल्या 50,000 हून अधिक शाळांची हजेरी-परीक्षा त्यावर दिसते. एप्रिल 2022 मध्ये पंतप्रधानही ते बघायला आले होते. वर बसलेल्याला खालचं सगळं दिसावं म्हणून खालच्याने दिवसभर वर दाखवत राहायचं. तेवढ्या वेळात तो शेवटच्या बाकावरचा पोरगा पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागतो.

यंत्र वाईट नाही, हे मला माझ्या नणंदेपेक्षाही जास्त पटवणारी दोन उदाहरणं आहेत. एक आपल्या सोलापूरकडचं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले. धड्याच्या बाजूचा तो चौकोन टिपला की कविता ऐकू येते, चित्र हलतं. 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकली. आपल्या समोर बसलेल्या मुलांना काय अडतंय ते बघून त्या माणसाने साधन शोधलं. आपल्याकडे बहुधा उलटं होतं. साधन आधी विकत घेतात, मग त्याला अडणारं मूल शोधतात.

दुसरं दिल्लीचं. अहमदाबादच्या एका संस्थेने केलेलं माइंडस्पार्क नावाचं संगणकावरचं साधन. मूल सहावीत असलं तरी त्याला तिसरीचंच गणित येत असेल तर ते तिसरीपासून सुरू करतं. अर्थशास्त्रज्ञांनी त्याची रीतसर परीक्षा घेतली. चिठ्ठ्या टाकून काही मुलांना केंद्रात प्रवेश दिला, काहींना नाही, आणि साडेचार महिन्यांनी दोघांची तुलना केली. केंद्रातली मुलं गणितात आणि हिंदीत खूपच पुढे गेली. 2019 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲपवाले तो फार आनंदाने दाखवतात. पण एक गोष्ट दाखवत नाहीत. तिथे मुलं एका खोलीत येऊन बसायची, संगणक केंद्राचा, आणि रोजच्या दीड तासातला अर्धा वेळ एक माणूस लहान गटाला घेऊन शिकवायचा. आईचा फोन त्यात कुठेच नव्हता. उलट पेरू देशात मुलांना लॅपटॉप वाटले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ अशी ती मोठी गाजलेली योजना. नंतर मोजलं तर गणितात आणि भाषेत काही फरक पडला नव्हता. वस्तू वाटली, माणूस नाही वाटला.

मी राहते त्या गावात हे सगळं नव्याने सांगावं लागतं, याचा मला जास्त राग येतो.

सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, 1906 मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. गोखल्यांनी 1911 मध्ये इंग्रज सरकारकडे तसाच कायदा मागितला तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. तो नामंजूर झाला, आणि सगळ्या देशाला शिक्षणाचा हक्क मिळायला 2010 उजाडलं. सक्ती हा शब्द आज कानाला बरा लागत नाही. पण तिला दुसरी बाजू होती. सरकारने सक्ती केली म्हणून शाळा काढणं, मास्तर नेमणं, फी न घेणं हेही सरकारवर आलं.

हे झालं शाळेचं. ज्याला आपण आज ‘साधन’ म्हणतो तेही बडोद्यात तेव्हाच आलं होतं. 1910 मध्ये महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं. आमचं मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी त्याच कामातून उभं राहिलं. तिथे आजही लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांत काचेची जमीन बघायला मिळते. मी लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्या काचेवर पाय ठेवायला घाबरले होते. पण इमारत सोडा. त्या खात्याने फिरती ग्रंथालयं काढली. लाकडी पेट्यांत निवडक पुस्तकं भरून खेडोपाडी पाठवायची, वाचून झाली की पेटी परत, दुसरी रवाना. खेड्यातल्या वाचकाकडून पैसा घ्यायचा नाही. पेटीच्या जाण्यायेण्याचं भाडंसुद्धा खात्याचं. आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी त्याच खात्याची चित्रांनी शिकवणारी वेगळी शाखा होती. पडद्यावर दाखवायच्या काचपट्ट्या, हलती चित्रं, दोन भिंगांतून खोली दाखवणारं यंत्र, हे सगळं घेऊन माणसं गावात जायची आणि फुकट दाखवायची. जनार्दन सखाराम कुडाळकर या आपल्या मराठी ग्रंथपालाने 1919 मध्ये या सगळ्या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आहे.

शंभर वर्षांपूर्वीचा स्मार्टबोर्डच तो! माझी नणंद तेव्हा असती तर त्या काचपट्ट्यांचीही भक्त झाली असती. मीही झाले असते. कारण कोणी गावकऱ्याला असं म्हटलं नाही की, दिवा तुझा तू विकत घे, पडदा तुझ्या बायकोच्या लुगड्याचा लाव, आणि सहा ते आठच्या दरम्यान तू चित्र बघितलं नाहीस तर तुला शून्य.

माझ्या माहेरच्या बाजूला कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. आमच्याच समाजातला माणूस, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव जरा जास्तच घेतलं जायचं. त्यांना शाळेआधी काय दिसलं असेल तर मुलाचं घर. घरात जागा नाही, दिवा नाही, जेवण नाही, तो अभ्यास कुठे करणार? म्हणून वसतिगृह. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांना खायला नव्हतं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही गोष्ट माझी आजी सांगायची आणि दर वेळी तिचे डोळे भरायचे. घरात जे नाही ते शाळेने द्यायचं, असा तो हिशोब होता. आज हिशोब फिरला आहे. शाळेला जे करायचं नाही ते घराने करायचं.

म्हणून मी मुख्याध्यापिकांना पत्र लिहिलं. मराठीत लिहिलं असतं, पण त्या गुजराती, म्हणून गुजरातीत लिहिलं, चुका असतील. फार काही मागितलं नाही. लेसन पूर्वीसारखा घंटा व्हायच्या आधी वहीत लिहून द्या, ॲपवर हवा तर खुशाल तोही टाका. घरच्या मोबाइलवर घेतलेल्या कुठल्याही परीक्षेचे गुण धरू नका. कोणाचा फोन, कोणाचं नेट, कोणी शेजारी बसून उत्तरं सांगितली, यातलं काहीच तुम्हाला कळत नाही. मग मोजता काय? शाळेत संगणकाची खोली आहे, तिला दुपारी दोनला कुलूप लागतं. ती तासभर उघडी ठेवा, एक शिक्षक बसवा, त्यांना त्याचे पैसे द्या. ज्यांना ॲपवरचं बघायचं आहे ती मुलं तिथे बघतील. पैसे कुठून आणायचे असं विचाराल, तर ॲपवाल्या कंपनीला दरवर्षी जे देता त्यातून. शेवटी हेही लिहिलं की, मी त्या मुलीची पालक नाही. ‘हो’ दाबलं ते खोटं होतं, ते खोडून टाका आणि तिच्या आईला तिच्या भाषेत समजावून तिला विचारा.

पत्राला उत्तर ॲपवर आलं. ‘तुमची सूचना नोंदवली आहे’, आणि एक हसरा चेहरा.

तुम्ही म्हणाल, एवढी चीड आली आहे तर नंबर काढून घ्या, सुटाल. माझे यजमानही हेच म्हणतात. नंबर काढला तर उद्यापासून त्या मुलीला लेसन कोण सांगणार? ती दुसऱ्या एखाद्या काकूच्या दारात बसेल. मी त्या ॲपला शिव्या देत रोज ते उघडते, हे मला चांगलं माहीत आहे, आणि त्याचा मला स्वतःचाही राग येतो. वर्गात अशी आणखी किती मुलं आहेत ते मी विचारलं तर मुलगी बोटांवर मोजायला लागली आणि दुसऱ्या हातावर गेली. त्यांच्यापैकी एकाचा लेसन किराणा दुकानदाराच्या फोनवर येतो. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो दाखवतो.

पर्व संपल्यावर आमच्याकडे क्षमावाणीचा दिवस असतो. वर्षभरात जाणता-अजाणता ज्याला दुखावलं त्याची हात जोडून क्षमा मागायची. नातेवाइकांना आपण ते ढिगाने पाठवतो, तेही हल्ली मोबाइलवरच. त्या दिवशी मी बाईंना म्हटलं, मुलीला जरा बोलवा. ती आली, मला वाटतं तिला वाटलं लेसन आला. मी हात जोडले आणि म्हटलं, बाळ, त्या दिवशी माझ्यामुळे तुझी परीक्षा बुडाली, क्षमा कर. ती इतकी ओशाळली की आईच्या मागे सरकली. मग हळूच म्हणाली, “काकू, टेस्टचं जाऊ द्या. मला ती सगळी गणितं येत होती. दोन तासांत मी पुस्तकातली परत करून बघितली.”

आणि दप्तरातून वही काढून तिने ते पान मला दाखवलं. तपासायला कोणीच नव्हतं, म्हणून तिने स्वतःच प्रत्येक गणितापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती.